घोडेस्वारीत उतरायचंय? आधी घोडा कुठला मिळणार ते विचारा

ऑलिंपिकमध्ये घोड्यावरचे प्रकार तीनच: ड्रेसाज (ठरलेल्या चाली करून दाखवणं), शो जंपिंग (अडथळ्यांवरून उड्या) आणि इव्हेंटिंग (या दोन्हींबरोबर रानातली दौड). तिन्हींत स्त्री-पुरुष एकाच गटात उतरतात. आमच्याकडे शिकायला येणारी मुलं बहुतेक जंपिंग डोक्यात घेऊन येतात, कारण मोबाइलवर तेच दिसतं. मी त्यांना उलट विचारते, घोडा कुठून येणार? पुण्याजवळ नवशिक्यांना शिकवताना माझं मत पक्कं होत गेलंय, की आपल्याकडे स्वार खेळ निवडत नाही. हाताशी असलेला घोडा बरंच काही आधीच ठरवून टाकतो.

पुण्या-मुंबईत तुमच्या वाट्याला येणारा घोडा बहुधा शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा, असतो. देखणा, चपळ आणि डोक्याने गरम. लहानपणापासून त्याला एकच शिकवण मिळालेली असते, पुढे जा. लगाम ओढला की घोडा थांबेल असं नवशिक्याला वाटतं. हा गडी उलट लगामावर रेलतो आणि वेग वाढवतो. म्हणून सुरुवातीला मी मुलांना लंजवर ठेवते. म्हणजे लांब दोरीवरचा घोडा माझ्याभोवती गोल फिरतो आणि मूल रिकिबीत पाय न घालता, लगाम न धरता बसतं. मांड तिथेच पक्की होते. कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या पालकांना हे अजिबात आवडत नाही. फी भरून मुलगा नुसता गोल फिरतोय!

असा घोडा नीट घडवला तर जंपिंगला चांगला चालतो. त्याचे नियम पाच मिनिटांत कळतात: दांडी पाडली की चार दोषांक, घोडा अडथळ्यासमोर पहिल्यांदा अडला तरी चार, आणि मोठ्या स्पर्धेत दुसऱ्यांदा अडला की बाहेर. वरच्या पातळीवर अडथळे १.६० मीटरच्या आसपास जातात. पण खरा खेळ दोन अडथळ्यांच्या मधल्या जमिनीवर असतो. कँटरमध्ये, म्हणजे मध्यम दौडीत, घोड्याची एक ढांग साधारण साडेतीन मीटरची, म्हणजे माणसाची चार मोठी पावलं. स्पर्धेआधी स्वार पायी मैदान मोजत फिरतात ते यासाठीच. इथे पाच ढांगा बसतात की साडेपाच, हा हिशेब चुकला की पुढचा अडथळा घोड्याला फार जवळून किंवा फार लांबून घ्यावा लागतो. निवृत्त शर्यतीच्या घोड्याच्या पुढच्या पायांच्या शिरा (टेंडन) मात्र हाताने चाचपून बघा. तिथे जुनी सूज किंवा ऊब लागली तर त्याच्याकडून उंच उड्यांची अपेक्षा करू नका.

ड्रेसाज कंटाळवाणं, असं पहिल्या महिन्यात सगळेच म्हणतात. वीस बाय साठ मीटरचं मैदान, कडेला अक्षरांच्या पाट्या, ठरलेल्या जागी ठरलेली चाल, आणि प्रत्येक हालचालीला पंचांकडून शून्य ते दहा गुण. स्वार काही करतोय असं दिसताच कामा नये. तरी माझ्या हातात असतं तर मी सगळ्यांना आधी दोन वर्षं हेच करायला लावलं असतं, पुढे पोलो खेळायचं असलं तरी. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं. अश्वारोहणातलं सुवर्ण एक्केचाळीस वर्षांनी आलं होतं. संघात अनुष अगरवाला, दिव्यकृती सिंग, सुदीप्ती हजेला यांच्याबरोबर मुंबईचा हृदय छेडा होता. पुढच्याच वर्षी अनुष पॅरिस ऑलिंपिकला गेला. ड्रेसाजमध्ये तिथवर पोचलेला तो पहिला भारतीय.

यातलं न सांगितलं जाणारं असं की या चौघांची तयारी युरोपात झाली, तिथल्याच वॉर्मब्लड जातीच्या घोड्यांवर. भारतातला घोडा तिकडे नेणं रोगप्रतिबंधाच्या नियमांमुळे वर्षानुवर्षं जवळपास अशक्य होतं. मेरठला लष्कराच्या केंद्रात आता घोड्यांसाठी आंतरराष्ट्रीय मान्यतेचा रोगमुक्त विभाग झालाय, त्यामुळे पुढे चित्र बदलावं. तोवर 'ऑलिंपिक' हा शब्द काढणाऱ्या पालकांनी परदेशातल्या खर्चाचा आकडा डोळ्यांसमोर ठेवून बोलावं.

इव्हेंटिंगमध्ये ड्रेसाज, मोकळ्या रानातली क्रॉस कंट्री दौड आणि जंपिंग, तिन्ही एकाच घोड्यावर. क्रॉस कंट्रीत घोडा एकदा अडला की वीस दोषांक. आपली जुनी ताकद इथे आहे. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत रघुबीर सिंग यांनी वैयक्तिक सुवर्ण मिळवलं, २०१८ मध्ये फौआद मिर्झाने रौप्य, आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये तो तेविसावा आला. नवशिक्याने मात्र लगेच याच्या मागे लागू नये. भरधाव घोड्यावरून पक्क्या ओंडक्यांवर उडी मारायची असते, आणि ते ओंडके जंपिंगच्या दांडीसारखे पडत नाहीत.

पोलोबद्दल थोडक्यात. चार-चार जणांचे संघ, सात-साडेसात मिनिटांचा चक्कर, आणि जवळपास प्रत्येक चक्करला ताजा घोडा. डावखुऱ्यालाही काठी उजव्या हातातच धरावी लागते. एका घोड्यात भागत नाही, हे वाचून ज्याचा उत्साह टिकेल त्यानेच पुढे चौकशी करावी.

आता सारंगखेड्याचा घोडा. नंदुरबार जिल्ह्यात दत्तजयंतीला भरणाऱ्या त्या बाजारात मारवाडी-काठियावाडी घोडे येतात, आणि गावाकडच्या अनेक मुलांच्या घरी असा एखादा असतोच. बहुतेकांना त्याला नाचवायचं किंवा रवाल चालीत (स्वाराला न हिंदकळवणाऱ्या जलद चालीत) पळवायचं एवढंच ठाऊक असतं. मी त्यांना एन्ड्युरन्सकडे वळायला सांगते, म्हणजे लांब पल्ल्याची दौड. वरच्या पातळीवर ती १६० किलोमीटरची असते. प्रत्येक टप्प्यानंतर पशुवैद्य घोडा तपासतात. ठरलेल्या वेळात नाडी मिनिटाला ६४ पर्यंत उतरली नाही किंवा घोडा लंगडला, तर पहिला आलेलाही बाद. काटक देशी घोड्याला हे मानवतं, आणि स्वाराला घोडा वाचायची सवय लागते. याच घोड्यावर टेंट पेगिंगही शिकता येतं, भरधाव जाताना भाल्याने जमिनीतली लाकडी खुंटी उचलणं. अंगात रग असेल तर याहून मजेचा प्रकार नाही. फक्त घोडा सरळ रेषेत पळवता आल्याशिवाय हातात भाला घेऊ नका.

पैसे नसतील तर? मी स्वतः एनसीसीच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी तुकडीत, म्हणजे घोड्यांच्या तुकडीत, शिकले. राज्यातल्या काही पशुवैद्यकीय महाविद्यालयांशी अशा तुकड्या जोडलेल्या आहेत. तिथे पहाटे लीद काढणं, खरारा (अंग घासणं), चंदी (खाणं देणं) सगळं करावं लागतं, पण घोडा मिळतो.

करिअर म्हणाल तर नुसत्या स्वारीवर जगणारे फार थोडे. प्रशिक्षक, घोड्यांचे पशुवैद्य, पंच, अडथळ्यांचं मैदान आखणारे यांना काम मिळतं. आणि नालबंदाला! चार-सहा आठवड्यांनी प्रत्येक घोड्याचे खूर बघावे लागतात, आणि चांगला नालबंद मिळवायला आम्ही क्लबवाले अक्षरशः एकमेकांशी भांडतो.

पहिल्या दिवशी क्लबवर गेलात की ऑफिसात बसू नका, सरळ पागेत जा. खोगीर काढलेल्या घोड्याच्या पाठीवर जखमा आहेत का बघा. एक घोडा दिवसात किती तास चालतो ते मोतद्दाराला, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याला, विचारा, तो खरं सांगतो. हेल्मेटशिवाय कुणी तुम्हाला घोड्यावर बसवायला निघालं, तर तिथूनच परत फिरा.