पूल टेबलाशेजारी नव्यानं उभं राहणाऱ्या मार्करसाठी

रॅक लावणं (बॉल त्रिकोणात मांडणं), कापडावर ब्रश फिरवणं, वहीत वेळ लिहिणं हे कुणालाही पटकन जमतं. सोलापुरात मार्करचं, म्हणजे टेबल सांभाळून निकाल देणाऱ्याचं, खरं काम सुरू होतं ते दोन खेळाडू क्यू (खेळायची काठी) आपटून तुमच्याकडे वळतात तेव्हा. हरणाऱ्यानं टेबलाचे पैसे भरायचे ही आपल्याकडची पद्धत. त्यामुळे साध्या फाऊलवरूनही "काय बे, दिसत नाही का?" व्हायला वेळ लागत नाही.

बहुतेक वेळा दोघंही खोटं बोलत नसतात, दोघांच्या डोक्यातले नियम वेगळे असतात. जुनी मंडळी स्नूकरवरून आलेली, कॉलेजची पोरं मोबाईलवर शिकलेली, आणि कुणीतरी पुण्याच्या हॉस्टेलचा स्वतंत्र कायदा घेऊन आलेला. म्हणून ब्रेकच्या (पहिल्या शॉटच्या) आधीच विचारून घ्या, कोणत्या नियमांनी खेळायचं. मी वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशनचे नियम धरतो आणि तसं आधी सांगतो. नंतर सांगितलेला नियम, तो कितीही बरोबर असला तरी, हरणाऱ्याला पक्षपातच वाटतो.

एट-बॉलमध्ये, म्हणजे काळा आठ नंबरचा बॉल शेवटी घालायच्या खेळात, सगळ्यात जास्त वाजतं ते काळ्यावरून. काळा पॉकेटमध्ये गेला आणि त्याच शॉटला पांढराही (क्यूनं मारायचा बॉल) गेला, तर गेम गेला. इथपर्यंत सगळे मान्य करतात. पण काळ्यावर मारताना नुसता पांढरा पडला आणि काळा टेबलावरच राहिला, तर तो फक्त फाऊल. समोरच्यानं पांढरा हवा तिथं ठेवून खेळायचं. "काळ्यावर पांढरा गेला म्हणजे संपलं" असं छातीठोकपणे सांगणारा तुम्हाला आठवड्यातून एकदा तरी भेटेल. ब्रेकलाच काळा पडला तर कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. काळा परत स्पॉटवर (टेबलावरच्या ठरलेल्या खुणेवर) ठेवून पुढं खेळायचं की नव्यानं ब्रेक करायचा, हे ब्रेक करणाऱ्यानं ठरवायचं. सोबत पांढराही पडला असेल तर ती निवड समोरच्याची. आणि ब्रेकला तीन पट्टेवाले पडले म्हणून पट्टे त्याचे होत नाहीत. टेबल तेव्हाही ओपनच असतं, म्हणजे कुणाचे कुठले बॉल ते ठरलेलं नसतं.

यापेक्षा अवघड असतं ते बघणं. मोबाईलवर आधी कुठला बॉल लागला ते मशीनच ठरवतं, त्यामुळे त्या पोरांना शॉटच्या आधी कुणाला बोलवायची सवयच नसते. दोन बॉल जवळजवळ दिसले की "थांबा मालक, बघू द्या" म्हणा आणि शॉटच्या रेषेच्या बाजूला जाऊन उभे राहा. खेळाडूच्या पाठीमागून काहीही कळत नाही. दोन्ही बॉल एकदमच लागल्यासारखे वाटले, आधी कुठला ते सांगता येत नसलं, तर योग्य बॉल आधी लागला असं धरायचं.

पांढरा आणि समोरचा बॉल यांच्यात बोटभरही फट नसेल तेव्हा डबल हिटवर नजर ठेवा. सरळ शॉट मारल्यावर पांढरा न थबकता समोरच्याच्या मागोमाग तसाच धावला, तर क्यू दोनदा लागलेला असतो. दोन्ही बॉल आधीपासून चिकटलेले असतील तर गोष्ट वेगळी. पूलमध्ये त्या बॉलच्या दिशेनं मारायला मुभा आहे, तो बॉल त्याचा असला म्हणजे झालं. इथं स्नूकरवाले हमखास उठतात, कारण त्यांच्याकडे चिकटलेल्या बॉलपासून दूर मारावं लागतं. (स्नूकर 1875 मध्ये जबलपूरला जन्मलं हे आधी ऐकवा. खूश होतात, मग पूलचा नियमही ऐकून घेतात.)

कुशनला (टेबलाच्या कडेला) चिकटलेल्या बॉलचंही तसंच. तो चिकटलेला आहे हे शॉटच्या आधी मोठ्यानं सांगायला हवं. नंतर "तो तर चिकटलेलाच होता" म्हणण्याला अर्थ नाही. फाऊलसुद्धा पुढचा शॉट सुरू होण्याआधी मागायचा. दोन शॉट होऊन गेल्यावर आठवलेला फाऊल झालाच नाही असं समजायचं. आपल्याकडे नेमका असा उशिरा आठवणाराच जास्त भांडतो.

बाकावर बसलेल्यांना कधी साक्षीला बोलवू नका. तिथं अर्धे एकाचे दोस्त असतात, अर्ध्यांना मजा बघायची असते. भांडण तेलुगूत चालू दे, कन्नडमध्ये चालू दे. निकाल दोघांना समजेल अशा भाषेत, एका वाक्यात द्या आणि गप्प राहा. कारणं देत बसलात की प्रत्येक कारणावर नवा वाद निघतो. जे दिसलं नाही ते "मला दिसलं नाही" म्हणून मोकळे व्हा. न दिसलेला फाऊल मी देत नाही.

गेमवर पैसे लावलेत असं कळलं तर मी निकाल द्यायलाच उभा राहत नाही. आणि ज्या गेमचा निकाल तुम्ही दिलात त्याचे टेबलाचे पैसे स्वतः हातात घेऊ नका, काउंटरवर भरायला सांगा.