कंपवाताच्या गटातून मुलाखतीसाठी माणसं निवडताय? या चुका टाळा

लातूर-नांदेडकडे कंपवाताच्या (पार्किन्सन्सच्या) रुग्णांच्या सहायता गटांवर प्रबंध लिहिणाऱ्यांची पहिली चूक यादीतच दिसते. गटप्रमुखांनी दिलेली आठ नावं, आठही जण बोलके, नेमाने येणारे. पाहुण्याला चांगलंच ताट वाढायचं, तसं प्रमुख चांगले बोलणारे पुढे करतात. मग गटाच्या कौतुकापलीकडे हाती काही लागत नाही.

हजेरीची वही मागा आणि यायचे बंद झालेले शोधा. एका वहीत मला सलग चार महिने सह्या आणि पुढे कोरे रकाने दिसले. फोन लावला. काका म्हणाले, "गट चांगलाच हाय हो, पण यष्टीची पायरी चढवंना." पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी २०२२ पासून फुकट आहे, पायरी होती तेवढीच उंच आहे.

'हात थरथरणारे कोण?' असं विचारून निवड करू नका. काहींना कंप नसतोच. हालचाल मंदावते, अंग ताठरतं. आजार किती पुढे गेलाय ते सांगणाऱ्या होएन-यार यांच्या १ ते ५ टप्प्यांचा आधार घ्या, पण पाचव्या टप्प्याचा माणूस गटाच्या सतरंजीवर भेटणार नाही. त्याच्या घरीच जावं लागेल.

सगळ्यात जास्त फसगत चेहऱ्यावरून होते. या आजारात चेहऱ्याचे स्नायू हलायचे कमी होतात, आवाज बसतो. 'यांना बोलायचं दिसत नाही' म्हणून आपण त्यांच्या नावावर काट मारतो. आधी विचारा, गोळी किती वाजता घेतली? लेव्होडोपा या कंपवातावरच्या औषधाचा असर उतरत आला की शब्द फुटत नाहीत. तोच माणूस गोळी लागू पडल्यावर तासभर बोलतो. त्याच्यापुढे चहाचा कप मात्र अर्धाच भरा.

"त्यांचं मी सांगते की," असं म्हणत रुग्णाला सांभाळणाऱ्या घरच्या मावशी मध्ये बोलतात. त्यांना गप्प करू नका, त्यांची वेगळी मुलाखत घ्या. आणि आजारी बाई असेल तर? गटात ती बहुधा नसतेच, कारण तिला आणायला रिकामं माणूस घरात नसतं. तिच्यापर्यंत आशाताईंमार्फत पोचता येतं.

सही येत नसेल तर संमतीपत्रावर अंगठा चालतो, मात्र त्रयस्थ साक्षीदार हवा. तिथे गटप्रमुखांना बसवू नका; त्यांच्यासमोर 'नको' म्हणायला माणूस कचरतो.