विक्रीआधी भिंतींचा रंग ठरवताना
विक्रीआधी फ्लॅट रंगवायचा असेल, तर शेडकार्डावरच्या छोट्या चौकोनावरून छटा ठरवू नये. निवडलेल्या दोन-तीन छटांचे किमान 2 फुटी चौकोन प्रत्यक्ष भिंतीवर दोन हात देऊन रंगवावेत आणि ते सकाळी, दुपारी व रात्री दिव्याच्या उजेडात पाहावेत, कारण तोच पांढरा रंग उत्तरेकडच्या खोलीत निळसर आणि पिवळ्या दिव्याखाली सायीसारखा दिसतो. गडद भिंत पाहताच ग्राहकाला पुन्हा रंगकामाचा खर्च दिसू लागतो. म्हणून फिकट बदामी किंवा मोतिया छटा मला अधिक योग्य वाटते. मुंबई-कोकणात मात्र आधी ओल शोधावी. गळती न थांबवता दिलेला रंग पावसाळ्यात फुगतो, त्याचे पोपडे निघतात, आणि जाणकार ग्राहक खिडकीखालचा कोपराच प्रथम तपासतो.