आपल्या घरातला डास नक्की कधी जेवतो? आधी ते बघा, मग मशीन लावा

गेल्या पावसाळ्यात पोरीला डेंग्यू झाला तेव्हा मला खरंच कळेना की हा आला कुठून, कारण आमच्याकडे रोज रात्री नऊच्या ठोक्याला लिक्विडचं मशीन चालू, खिडक्यांना जाळ्या, वर मच्छरदाणी पण. मग सर्वेला आलेल्या आरोग्यसेविका ताईंनी विचारलं, "पोरगी दुपारी कुठे झोपते?" म्हटलं हॉलमध्ये, सोफ्यावर. "आणि तेव्हा मशीन?" तेव्हा कसलं मशीन, दिवसा कोण लावतं. त्या काही बोलल्या नाहीत, सरळ बाल्कनीत गेल्या, मनी प्लांटच्या बाटलीवर टॉर्च मारला आणि आतली वळवळ दाखवली. मी गप्प.

तर मुद्दा हा, की रक्त पिणाऱ्या प्रत्येक किड्याची जेवायची वेळ वेगळी, बसायची जागा वेगळी, आवड वेगळी, आणि आपण सगळ्यांवर एकच उपाय एकाच वेळी करतो आणि मग म्हणतो डासांना आता काहीच लागत नाही.

आधी थोडं जेवणाबद्दल. चावते ती फक्त मादी. नर फुलापानांच्या रसावर जगतो, मादी पण एरवी तेच घेते, रक्त तिला अंडी तयार करायला लागतं. एका बैठकीत दोन-तीन मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकं. पिताना रक्त गोठू नये म्हणून ती आधी आपली लाळ आत सोडते, खाज येते ती त्या लाळेमुळे, आणि रोग पण त्या लाळेतूनच येतो. अजून एक गोष्ट लक्षात ठेवा, डेंग्यूवाल्या माणसाचं रक्त प्यायल्याबरोबर डास लगेच दुसऱ्याला डेंग्यू देऊ शकत नाही, विषाणू तिच्या पोटातून लाळेपर्यंत पोचायला साधारण ८ ते १२ दिवस जातात. मलेरियाच्या जंतूचं पण तसंच, दहा-बारा दिवस धरा. म्हणजे खरा धोका वयस्कर मादीचा, जी दोन-तीन जेवणं करून आठवडा-दीड आठवडा जगलेली आहे. म्हणून घरात दिसलेला डास मारणं हा अगदीच फालतू उपाय नाहीये, रॅकेट फिरवताना घरचे हसले तर हसू दे.

आता करायचं काय, तर चार दिवस फ्रिजवर एक कागद चिकटवा. ज्याला डास चावेल त्याने फक्त एवढंच लिहायचं: किती वाजता, कुठल्या खोलीत, अंगावर कुठे. आमच्या कागदावर दुसऱ्याच दिवशी सगळं स्पष्ट झालं, सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी चार ते सहा, घोट्याला, डायनिंग टेबलखाली. हा एडिस. काळा, अंगावर पायावर पांढरे पट्टे, सोसायटीत ह्याला टायगर मच्छर म्हणतात. डेंग्यू, चिकनगुनिया आणि झिका तिन्ही ह्याच्याकडे. महाराष्ट्रातला पहिला झिका पेशंट २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात सापडला, त्यामुळे हा फक्त शहरातल्या फ्लॅटवाल्यांचा प्रॉब्लेम आहे असं गावाकडच्यांनी समजू नका.

एडिसची जेवायची पद्धत फार वाईट. तो निवांत बसून एकाकडून पोटभर पीत नाही, तुम्ही पाय हलवला की उडतो, मग आजीकडे थोडं, मग बाळाकडे थोडं, आणि पोट भरेपर्यंत हेच. म्हणूनच एका घरात एकापाठोपाठ तिघंजण आडवे होतात आणि आपण म्हणतो पाणी बाधलं. जेवण झालं की कपाटामागे, पलंगाखाली, पडद्याच्या घडीत, लटकवलेल्या काळ्या कपड्यांमध्ये जाऊन बसतो. फार लांब उडत पण नाही, शे-दोनशे मीटर, फार तर चारशे. म्हणजे तुम्हाला चावलेला एडिस बहुतेक तुमच्याच बिल्डिंगमध्ये जन्मलाय, नाल्याच्या नावाने खडे फोडून उपयोग नाही, त्याला नाल्यातलं घाण पाणी चालतच नाही. त्याला लागतं साठवलेलं स्वच्छ पाणी: पिंप, रांजण, कूलर, कुंडीखालची ताटली, फ्रिजच्या मागचा ट्रे, गच्चीवरचा टायर, करवंटी, आणि हो, मनी प्लांटची बाटली.

इथे सगळे एक चूक करतात, मी पण केली. भांड्यातलं पाणी ओतलं म्हणजे झालं असं नाही. मादी अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या वर भांड्याच्या कडेला चिकटवते आणि ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन्महिने जिवंत राहतात, पुन्हा पाणी भरलं की फुटतात. विदर्भातल्या लोकांनी तर कूलरसाठी हे लिहूनच ठेवा, जूनमध्ये कूलर तसाच गुंडाळून माळ्यावर टाकला तर पुढच्या मार्चमध्ये पाणी घातल्यावर काय होईल विचार करा. म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडं रिकामं करून काथ्याने किंवा ब्रशने आतून कडा घासायच्या, उलटं करून सुकवायचं, आणि पाणी मातीत ओतायचं. आरोग्य खातं ह्याला कोरडा दिवस म्हणतं. आठवडाच का, तर अंड्यापासून उडणारा डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, त्याच्या आत एकदा खो घातला की संपलं. जे रिकामं करता येत नाही, म्हणजे मोठा हौद वगैरे, त्यात गप्पी मासे सोडा, हिवताप विभागाकडे किंवा आरोग्य केंद्रात विचारलं तर बऱ्याच ठिकाणी देतात. पिंपावर झाकण नसेल तर जुनं धोतर घट्ट बांधा, सैल बांधलं तर त्याच्यावरच पाणी साचतं आणि मग अजून मजा.

मशीन लावायचं तर एडिससाठी सकाळी आणि दुपारनंतर लावा, मुलांना शाळेत जाताना फुल पँट आणि मोजे घाला, फिकट रंगाचे, गडद रंगाकडे तो जास्त येतो. आणि पंखा. लोक पंख्याला उपाय मानतच नाहीत. डास आपल्याला शोधतो तो आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून, घामाच्या वासावरून, अंगाच्या उबेवरून, पंख्याने हा माग विस्कटतो आणि त्याला वाऱ्यात उडता पण येत नाही. टेबलखाली छोटा पंखा लावून बघा.

घरात डेंग्यूचा पेशंट असेल तर तापाचे पहिले पाच दिवस त्याला दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा. हे कुणी सांगत नाही. त्याला चावलेला डास दीड आठवड्याने बाकीच्यांना चावणार आहे, साखळी तिथेच तोडायची. आणि ताप अंगात असताना पॅरासिटामॉल सोडून दुसरी पेनकिलर मेडिकलमधून स्वतःच्या मनाने घेऊ नका, अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेनने रक्तस्राव वाढू शकतो.

आता रात्रीवाला. कागदावर तुमच्या वेळा रात्री दहा ते पहाटेच्या असतील आणि कानाशी गुणगुण असेल तर तो क्युलेक्स, तपकिरी, साधा, भिंतीला समांतर बसतो. हा घाण पाण्यातला, गटार, तुंबलेला नाला, सेप्टिक टँक. शहरात संख्येने हाच जास्त आणि कंप्लेंट पण ह्याच्याच जास्त. हत्तीरोग हा पसरवतो, नागपूर, वर्धा, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया ह्या पट्ट्यात हा आजार जुना आहे. गंमत बघा, हत्तीरोगाचे सूक्ष्म जंतू दिवसा आपल्या फुप्फुसात लपून राहतात आणि रात्री अंगभर रक्तात येतात, बरोब्बर ह्या डासाच्या जेवणाच्या वेळेला. म्हणूनच आरोग्य कर्मचारी रक्त घ्यायला रात्री आठनंतर दार वाजवतात, त्यांच्यावर वैतागू नका. ह्याच्यासाठी सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे संडासच्या व्हेंट पाइपच्या तोंडाला जाळी किंवा जुन्या नायलॉन साडीचा तुकडा बांधणे. दहा मिनिटांचं काम, पण आमच्या सोसायटीत त्यावर तीन मीटिंग झाल्या. आणि धूर फवारणी? धूर उडणाऱ्या डासाला लागतो, गटारातल्या अळीला नाही, चार दिवसांनी नवी फौज तयार. फवारणीवाले आले की खिडक्या बंद करून घेतो आपण, मग आतल्याला तर तो पण लागत नाही.

तिसरा ॲनोफिलीस, मलेरियावाला. ओळखायची खूण सोपी, भिंतीवर बसला की शेपूट वर, तिरका, जणू खिळा ठोकलाय. अळी पण बघा, ह्याची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून असते, बाकी दोघांची डोकं खाली करून लटकते. मुंबईत मलेरिया पसरवणारी जी जात आहे ती विहिरीत आणि गच्चीवरच्या टाक्यांत वाढते, १९११ मध्ये बेंटली नावाच्या डॉक्टरने मुंबईच्या मलेरियाचा रिपोर्ट लिहिला तेव्हाही बोट विहिरींकडेच होतं. म्हणजे टाकीचं झाकण घट्ट पाहिजे, ओव्हरफ्लो पाइपला जाळी पाहिजे. गावाकडची जात वेगळी, तिला आधी गाय-बैल आवडतात, गोठ्यात जेवते, मग गोठ्याच्या किंवा घराच्या भिंतीवर बसून रक्त पचवते. म्हणूनच गडचिरोलीसारख्या ठिकाणी घराच्या आतून भिंतींवर औषध मारतात, जेवून टेकलेली मादी तिथेच मरावी म्हणून. तर फवारणी झाल्यावर लगेच भिंत सारवू नका किंवा चुना मारू नका, सणाच्या तोंडावर असं हमखास होतं आणि सगळं औषध झाकलं जातं. देवघर आणि स्वयंपाकघर सोडा असं म्हणून अर्धं घर तसंच ठेवू नका, भांडी झाकून बाहेर काढा आणि पूर्ण मारून घ्या. मच्छरदाणीची कड गादीखाली खोचा आणि झोपेत हातपाय जाळीला टेकवू नका, बाहेरून आरामात चावतो. रोनाल्ड रॉस ह्या ब्रिटिश डॉक्टरला २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू सापडला तो पण डासांना एका पेशंटचं रक्त पाजूनच, हुसेन खान नावाचा माणूस, एका डासाला एक आणा ह्या भावाने त्याने चावून घेतलं. आपण फुकटात घेतो.

बाकीच्यांचं थोडक्यात. सँडफ्लाय म्हणजे वालुमाशी, डासाच्या पाव आकाराची, उडण्यापेक्षा टुणटुण उड्या मारते, रात्री चावते, मातीच्या भिंतीच्या भेगांत आणि शेणाच्या ढिगाजवळ राहते. लहान मुलांच्या मेंदूला सूज आणणारा चांदीपुरा विषाणू हिच्यामुळे पसरतो, नागपूरजवळच्या चांदीपुऱ्यात १९६५ साली सापडला म्हणून ते नाव. साध्या मच्छरदाणीच्या भोकातून ही आत येते, औषधवाली मच्छरदाणी लागते. भेगा लिंपा (हो, इथे लिंपायचंच, फक्त फवारणीच्या आधी), मुलांना जमिनीवर न झोपवता खाटेवर झोपवा. लहान मुलाला अचानक जोराचा ताप आणि झटके आले तर सकाळची वाट बघू नका, त्याच तासाला दवाखाना.

पिसू उंदरावर जगते, उंदीर मेला आणि गार पडला की नवं गरम अंग शोधते, आणि ते आपलं असतं. १८९६ च्या मुंबईतल्या आणि पुढे पुण्यातल्या प्लेगमध्ये हेच झालं, आधी उंदीर पडायचे मग माणसं. प्लेगच्या जंतूमुळे पिसवेचा घसाच तुंबतो, रक्त पोटात जात नाही, भुकेने ती चावतच सुटते आणि दर वेळी जंतू उलटे आत टाकते. तर घरात उंदीर मेलेला दिसला तर हाताने शेपटी धरून फेकू नका, चिमटा किंवा पिशवी वापरा. ढेकूण मात्र झोप घालवतो, आजार पसरवतो असं आढळलेलं नाही, त्याच्यासाठी घाबरून बेडरूमभर जहाल औषध मारू नका.

शेवटी गोचीड. किडा म्हणून मोजत नाहीत खरं तर, पाय आठ, पण सिंधुदुर्गात दोडामार्ग, सावंतवाडीकडे आणि गोव्यात सत्तरीत काजूच्या सीझनला माकडताप येतो तो हिच्यामुळे, म्हणून सांगतो. डास मिनिटा-दोन मिनिटात जेवतो, गोचीड चिकटली की दिवसचे दिवस पीत बसते आणि दुखत पण नाही. बागेत जाताना पँट मोज्यात खोचा, आरोग्य केंद्रातून मिळणारं गोचीड दूर ठेवणारं तेल लावा, घरी आलात की कपडे गरम पाण्यात आणि अंग नीट तपासा, काखा, जांघ, कानामागे. बागेत मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्यवाल्यांना किंवा वनखात्याला कळवा. चिकटलेली सापडली तर रॉकेल, चटका, तंबाखू काही नको, बारीक चिमट्याने अगदी कातडीजवळ पकडून सरळ वर ओढा, पिळू नका, चिरडू नका, साबणाने धुवा, आणि तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढच्या आठ-दहा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना आधी ती तारीख सांगा.