पोळा झाला की पोती भरा, आणि मोरी विसरू नका

सोलापुरात पुराची तयारी म्हटलं की लोक हसतात, बरोबरच हाय म्हणा, नळाला रोज पाणी नाही आणि हे निघाले पुराची यादी करायला. पण सप्टेंबर २०२५ ला सीना नदी अशी फुगली की लांबोटीजवळ पुणे हायवे बंद, तिकडं विजयपूरचा रोड बंद, तेव्हा हसणं जरा कमी झालं. आपल्याकडं खरा दणका परतीच्या पावसाचा, म्हणून पोळा झाला की यादी काढायची आणि गणपती उठेपर्यंत सगळं उरकायचं. आभाळ भरून आल्यावर वाळू शोधत फिरलात तर कोण देणार नाही.

आधी दारात पाणी अडवायची वाळूची पोती. सिमेंटची रिकामी, नाहीतर युरियाची, कुठल्याही बांधकामावर मिळतील, फक्त झटकून घ्या आणि कुठं भोक नाही ना बघा. तागाचं बारदान पण चालतं, ओलं झालं की एकमेकांवर छान बसतं, पण ते कुजतं, आणि प्लॅस्टिकचं पोतं उन्हात पडलं तर काही महिन्यांत हातात चुरा येतो, म्हणून काहीही असो, सावलीत घडी करून ठेवा. मार्केट यार्डातनं कांद्याची जाळीची पिशवी आणू नका, आमच्या शेजारच्यांनी आणलेली, पोतं दारापर्यंत येईस्तोवर निम्मी वाळू अंगणात.

भरायला वाळू चांगली, दगड फोडून केलेली क्रश सँड पण चालते. शेतातली काळी माती घेऊ नका, कोरडी असली की ढेकळं, त्यातनं फटी राहतात, आणि भिजली की फावड्याला चिकटून जीव काढते. पोतं गच्च भरायचं नाही, हीच चूक सगळे करतात. गच्च पोतं दगडासारखं राहतं, शेजारच्याला चिकटून बसत नाही, आणि सिमेंटचं पोतं वाळूनं पूर्ण भरलं तर पन्नास किलोच्या वर जातंय, उचलणार कोण? एक घमेलं, फार तर दीड. तोंड सुतळीनं अगदी वर, सैल बांधायचं, म्हणजे आत वाळूला पसरायला जागा राहते. एकानं पोतं धरायचं, दुसऱ्यानं ओतायचं, एकट्यानं करायचं काम नाही हे.

आमच्या साडेतीन फुटी दाराला फूटभर उंचीसाठी वीस पोती लागली, म्हणजे दहाएक घनफूट वाळू, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट मागवलं तर दहा दारांचं होतंय, गल्लीनं मिळून घ्या. खाली तीन रांगा, त्यावर दोन, वर एक, विटांसारखा सांधा मोडत, तोंडाकडचा भाग पोत्याखाली दुमडून, आणि प्रत्येक थर पायानं तुडवून. बाहेरच्या बाजूनं जाड प्लॅस्टिकचा कागद, ताणून नाही, सैल, खालची कड पुढं फूटभर पसरून तिच्यावर पण पोती. तरी पाणी झिरपणारच, पोती पाणी थोपवतात, पूर्ण बंद करत नाहीत, आत बादली आणि फडकी तयार पाहिजेत.

आता मोरी. मी दाराला असली भारी भिंत रचली की फोटो काढत बसलो, आणि आतनं आईचा आवाज, "अरे बाबा, तू तिकडं धरण बांध, इथं मोरीतनं उजनी सुटलीय!" गटार तुंबलं की पाणी उलटं येतंय, दारात यायच्या आधी. म्हणून दोन-तीन पोती घरातच ठेवायची, मोरीच्या जाळीवर प्लॅस्टिक टाकून वर एक, संडासच्या भांड्यात जाड पिशवीत भरलेलं एक लहान.

बाकीचं पटकन सांगतो. विडीची पानं-तंबाखू, शिलाई मशीन माळ्यावर नाहीतर विटांवर. आधारकार्ड, पासबुक प्लॅस्टिकमध्ये. कडक भाकरी आणि शेंगा चटणी डब्यात, गॅस नसला तरी चालतंय. पाणी उंबऱ्याला लागायच्या आत मेन स्विच बंद, ओल्या हातानं नाही.

दोन फुटाच्या वर भिंत रचायच्या नादाला लागू नका. पाण्याचा दाब वाढतो, पोती ढासळतात, आणि धाब्याचं जुनं घर असेल तर आधीच भिंती भिजलेल्या. बाहेर पाणी गुडघ्याच्या वर चढायला लागलंय तर पोती सोडा, म्हाताऱ्यांना, पोरांना घेऊन निघा.

ओसरल्यावर हातमोजे घालूनच पोती उचला, गटाराचं पाणी प्यायलेली असतात ती. ती वाळू प्लास्टरला नको, पोरांच्या खेळायला तर नकोच, आमच्या मातोश्री तुळशीच्या कुंडीत घालायला निघालेल्या, हातातनं घमेलं काढून घ्यावं लागलं.