सायप्रसची कॉफी पुण्यातल्या गॅसवर

सायप्रसमधल्या लार्नाका शहरात चार वर्षं होतो, तिथली कॉफी आणि तिथली माणसं दोन्ही मनात घर करून बसलीयेत, म्हणून आता कोथरूडच्या घरी रोज दुपारी करतो, पद्धत सांगतो.

कॉफी चिकोरी नसलेली घ्या आणि दुकानदाराला मैद्यासारखी बारीक दळायला सांगा, फिल्टरवाली भरड चालणार नाही. तिकडे लांब दांड्याचं छोटं भांडं असतं, ब्रिकी म्हणतात, आपल्याकडे फोडणीचं कढलं चालतं, फक्त तेलाचा वास नको. एक कप गार पाणी, एक भरलेला चमचा कॉफी, साखर आत्ताच घाला कारण नंतर ढवळायचंच नाही. बिनसाखरेची ती स्केतो, एक चमचा साखरेची मेत्रिओ, गोड हवी तर ग्लिकी.

आता गॅस एकदम बारीक, आणि तिथून हलू नका. कडेने आधी बारीक बुडबुडे येतात, मग तपकिरी फेस गोल होत मध्ये मिटत जातो आणि वर चढतो, त्याच क्षणी उतरवा, उकळी आली की फेस गेला. फेसासाठीच तर सगळा खटाटोप!

कपात ओतून दोन मिनिटं थांबा, गाळ बसू दे, तो प्यायचा नाही. सोबत गार पाण्याचा ग्लास हवाच. उन्हाळ्यात हलुमी चीज आणि कलिंगड पण ठेवा, तिथे खातात तसं.

आणि एकट्याने पिऊ नका, शेजारच्या काकांना हाक मारा. तिकडे ताटावर बसलेला माणूस सुद्धा रस्त्यावरच्याला "कोप्यास्ते" म्हणतो, म्हणजे आपलं "या, बसा".