कुठल्या भांडणात पडायचं, कुठलं सोडायचं

ठाण्यात नाहीतर नवी मुंबईत राहायचं तर चिडायला कारणं पैशाला पासरी. चिडायला वेळ लागत नाही. नागरी तक्रारीच्या पाठपुराव्याला मात्र आठवड्याचे चार-पाच तास सहज जातात. म्हणून एका वेळी दोनच विषय हाती घ्या, त्यातला एक छोटा.

निवड करताना आधी एवढंच बघा: सहा महिने गप्प बसलो तर हे परत मिळेल का? खड्डा पुढच्या महिन्यातही बुजतो. खाडीकाठच्या कांदळवनाचं (मॅन्ग्रोव्हचं) तसं नाही. भरतीचं पाणी आत यायची वाट डेब्रिजच्या भरावाने बुजली की झाडं उभ्या जागी सुकतात, आणि मग ‘इथे कांदळवन नव्हतंच’ म्हणायला रान मोकळं. असं काही दिसलं तर बाकीची कामं बाजूला ठेवा. त्याच दिवशी तारीख, वेळ, ठिकाण उमटतील असे फोटो काढा, सर्व्हे नंबर शोधा, जागेची जुनी उपग्रहचित्रं जोडा. अर्ज वन खात्याचा कांदळवन कक्ष, तहसीलदार आणि महापालिका अशा तिन्ही ठिकाणी द्या. कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने संरक्षित आहे. ते अर्जात लिहा.

मग तारीख बघा. वृक्षतोडीच्या किंवा भूखंडाच्या आरक्षण बदलाच्या नोटिशीत हरकतीची मुदत असते. मुदतीत दिलेली, आवक शिक्क्याची पोच घेतलेली एक पानी हरकत ही मुदत उलटल्यावरच्या मोर्चापेक्षा जड.

सगळ्यात जास्त दम निघतो तो टोलवाटोलवीत. सायन-पनवेल महामार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचा, त्याला लागून नेरूळमधला आतला रस्ता नवी मुंबई महापालिकेचा, आणि खारघर तर पनवेल महापालिकेत. मालक ठरत नसेल तर आधी माहिती अधिकारात विचारा: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ‘काम का केलं नाही?’ असं विचारलं की अर्ज वाया जातो, कारण कायदा नोंदी देतो, खुलासे नाही. ‘या रस्त्याच्या कार्यादेशाची (वर्क ऑर्डरची) आणि देयकांची (बिलांची) प्रत द्यावी’ असं मागा. विषय दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांच्या स्टॅम्पवर पहिलं अपील.

रात्री १० नंतरचा लाऊडस्पीकर? ११२ ला फोन करा, तक्रारीची नोंद मागा आणि झोपा. त्यावर मोहीम उभारायची ती तोच हॉल महिन्यात तिसऱ्यांदा वाजला तर.

शेजाऱ्याची गाडी, ग्रुपवरची शेरेबाजी, सोसायटीच्या समितीतल्या एखाद्याचा तोरा: सोडून द्या. पार्किंगचा नियम वार्षिक सभेत ठरावाने बदलतो, जिन्यातल्या वादाने नाही.

सहा महिन्यांत कागद एका टेबलावरूनही हलला नाही, तर थांबायला हरकत नाही. फक्त फाईल टाकू नका. पोच, फोटो आणि तारखांची यादी एका पाकिटात घालून ज्याच्या दारासमोर तो प्रश्न आहे, त्याच्या हातात द्या.